टपावरचे कॅरियर डिझेल खाते

भिवंडीजवळ पूर्णा येथील गोदामांच्या रस्त्यावर भाड्याच्या सुमो-बोलेरो आम्ही नेहमी पाहतो. टपावर रिकामे कॅरियर, पुढे लोखंडी गार्ड. डिझेलचा पैसा मात्र जातो घरच्या किराण्यातून.

गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला न जाणवणारा वारा ८० ला इंजिनाची ताकद खातो. उंच, चपट्या तोंडाच्या गाडीला त्याचा फटका जास्त. म्हणून काम नसेल तेव्हा कॅरियर उतरवून ठेवावे. सामान न्यायचेच तर ताडपत्री घट्ट आवळावी, फडफडू देऊ नये. नाशिक हायवेला लागल्यावर काचा वर घ्याव्यात. वेग आवरणे हा तर फुकटचा उपाय! गार्डने वजन वाढते, आणि धडकेत पादचाऱ्याच्या जिवावर बेतते. २०१७ साली केंद्र सरकारने त्याविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले.

बाजारातले प्लास्टिकचे स्पॉयलर? आमच्या मते पैसे पाण्यात. आणि काल्हेरपासून अंजूर फाट्यापर्यंत गाडी रांगेतच अडकली, तर वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे थांबल्यावर इंजिन बंद करावे, टायरमध्ये हवा पुरती असावी.

कॅरियर उतरवताना घरातले कोणी मदतीला घ्यावे. एकाने नट सोडावेत, दुसऱ्याने धरावे.