करमाफी योजना आणि पात्रतेचा वाद : न्यायालयांनी काय ठरविले?

सरकारने करमाफीची योजना जाहीर केली की वर्तमानपत्रांत सवलतीचे आकडे मोठ्या अक्षरांत छापून येतात. ही सवलत कोणाला मिळणार नाही, हे मात्र कायद्याच्या एखाद्या पोटकलमात दडलेले असते आणि व्यापाऱ्याला ते बहुधा अर्ज फेटाळला गेल्यावरच कळते. मग तो वकिलाकडे धावतो आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाते. भाषेच्या अध्यापकाने करकायद्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की यांतील बहुतेक खटले आकड्यांवर लढले गेलेले नाहीत, शब्दांवर लढले गेले आहेत. 'प्रलंबित' म्हणजे काय, 'निश्चित झालेली रक्कम' कशाला म्हणावे, 'चौकशी' केव्हा सुरू होते, या प्रश्नांवर कोणाच्या दुकानाचे लाखो रुपये वाचले आणि कोणाचे बुडाले.

नावांपासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रात अशा योजनेला 'अभय योजना' म्हणतात. आपल्या कर्नाटकात राज्य सरकारच्या आदेशाने 'करसमाधान' योजना निघतात. केंद्राने १९९८ साली 'कर विवाद समाधान', २०१९ साली 'सबका विश्वास' आणि २०२० साली 'विवाद से विश्वास' अशी नावे दिली. बोलण्यात मात्र सगळे 'माफी'च म्हणतात. माफी हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्यात देणाऱ्याची मर्जी गृहीत आहे. 'अभय' हा शब्द भीती काढून घेण्याचे आश्वासन देतो. करमाफी ही सरकारची मर्जी मानायची की सरकारने दिलेले वचन मानायचे, या प्रश्नावर न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंना झुकलेले दिसतात.

तत्त्वाचा निकाल बराच जुना आहे. १९८१ साली काळ्या पैशासाठी विशेष धारक रोखे काढण्यात आले, तेव्हा प्रामाणिकपणे कर भरणाऱ्यांवर हा अन्याय आहे, असे म्हणून आर. के. गर्ग यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. बहुमताने कायदा टिकला. आर्थिक बाबतीत विधिमंडळाला अधिक मोकळीक द्यावी लागते, असे न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले. तेव्हापासून 'अशी योजना काढताच येते का' हा प्रश्न जवळजवळ मिटला आणि 'योजनेत कोण बसतो' एवढाच वाद उरला.

तारखेचे बंधन

यांतील सर्वांत कठोर निकाल तारखेसंबंधीचे आहेत. १९९७ साली उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याची योजना आली. कंपन्या आणि भागीदारी संस्थांना ३५ टक्के व इतरांना ३० टक्के कर भरून मोकळे होता येत होते. जाहीरनामा दिल्यावर तीन महिन्यांच्या आत व्याजासह कर भरणे आवश्यक होते. काहींनी जाहीरनामा वेळेत दिला, पैसे मात्र मुदत उलटल्यावर भरले. हेमलता गार्ग्या प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही मुदत बंधनकारक आहे आणि ती वाढविण्याचा अधिकार ना अधिकाऱ्याला आहे, ना न्यायालयाला. मात्र योजनेचा लाभ नाकारल्यावर भरलेला पैसा सरकारने तसाच ठेवून घ्यावा हेही न्यायालयाने मान्य केले नाही. तो परत करावा किंवा इतर देण्यात वळता करावा, असे सांगितले.

वीस वर्षांनंतर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, यशी कन्स्ट्रक्शन्सच्या प्रकरणात हेच सूत्र पुन्हा आले. 'सबका विश्वास' योजनेखाली पैसे भरण्याची मुदत कोरोनामुळे ३० जून २०२० पर्यंत वाढविली होती. त्यानंतर पैसे भरू इच्छिणाऱ्याला न्यायालयाने नकार दिला, कारण मुदतवाढ ही सरकारच्या धोरणाची बाब आहे.

मग जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायमूर्तींनी, एम. आर. शाह आणि बी. व्ही. नागरत्ना यांनी, शेखर रिसॉर्ट्स या आग्र्याच्या हॉटेल कंपनीला दिलासा दिला. येथे कोणी म्हणेल की हा विरोधाभास आहे. तसे नाही. ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होती आणि कायद्यानेच तिच्यावर जुनी देणी फेडण्यास बंदी घातली होती. तिची पुनर्रचना योजना मंजूर झाली ती जुलै २०२० मध्ये, म्हणजे मुदत संपल्यावर. ज्याचे हात कायद्याने बांधले आहेत, त्याने त्याच कायद्याप्रमाणे पैसे का मोजले नाहीत, असे विचारता येत नाही. यशी कन्स्ट्रक्शन्सला अडचण होती. शेखर रिसॉर्ट्सला मनाई होती. हा फरक बारीक आहे, पण माझ्या मते योग्य आहे.

योजनेत शिरण्याच्या तारखेविषयीही असेच झाले. १९९८ च्या कर विवाद समाधान योजनेत अप्रत्यक्ष करांची जी थकबाकी ३१ मार्च १९९८ पर्यंत ठरलेली होती किंवा जिच्याबद्दल तोपर्यंत नोटीस निघाली होती, तीच धरली होती. नितदीप टेक्स्टाइल प्रोसेसर्सची नोटीस नंतर निघाली. गुजरात उच्च न्यायालयाने ही मर्यादा मनमानी ठरवून रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो निकाल फिरविला. कोठेतरी रेघ ओढावीच लागते आणि रेघेच्या पलीकडे कोणीतरी उभा असणारच, असा त्याचा मथितार्थ. नोटीस काढणे खात्याच्या हातात असते, व्यापाऱ्याच्या नव्हे. खात्याच्या टेबलावर फाईल चार महिने पडून राहिली म्हणून एकाने पूर्ण कर भरावा आणि शेजाऱ्याला सवलत मिळावी, हे कायद्याने बरोबर असले तरी मनाला पटत नाही.

'रक्कम निश्चित झाली' म्हणजे काय?

'सबका विश्वास' योजना येथे थोडी तपशिलाने समजून घेतली पाहिजे, कारण पात्रतेचे सर्वाधिक गुंतागुंतीचे वाद तिच्यातून निघाले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. त्याआधीच्या सेवाकर आणि उत्पादन शुल्काच्या खटल्यांत ३.७५ लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम अडकली असल्याचे २०१९ च्या अर्थसंकल्पी भाषणात सांगण्यात आले. योजना १ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि अर्जांची मुदत अखेर १५ जानेवारी २०२० रोजी संपली.

सवलत खरोखरच मोठी होती. समजा, हुबळीतील एका कंत्राटदाराला २० लाख रुपये सेवाकराची नोटीस आली आहे आणि प्रकरण चालू आहे. करात ७० टक्के सूट, व्याज व दंड पूर्ण माफ. म्हणजे ६ लाखांत प्रकरण मिटले. अपिलासाठी दीड लाख आधी भरले असतील तर तेही वजा होऊन साडेचार लाखच भरायचे. तोच कंत्राटदार अपात्र ठरला आणि पुढे खटला हरला, तर २० लाख, त्यावर कित्येक वर्षांचे व्याज आणि वर दंड. सूट ५० लाखांपर्यंत ७० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के होती. त्यामुळे ५० लाखांवर १५ लाख भरावे लागत आणि ५१ लाखांवर साडेपंचवीस लाख. एका लाखाने साडेदहा लाखांचा फरक पडत असे.

आता अडचण पाहा. ज्याच्याविरुद्ध चौकशी, तपास किंवा लेखापरीक्षण चालू होते, पण देय रक्कम ३० जून २०१९ पर्यंत 'निश्चित' झालेली नव्हती, तो अपात्र. बरे, तो स्वेच्छेने जाहीरनामा देईल म्हणावे, तर चौकशी सुरू झालेल्याला तोही मार्ग बंद. आणि चौकशीच्या व्याख्येत झडती, समन्स, जबाब नोंदविणे यांबरोबर हिशेबाची कागदपत्रे मागविणे हेही होते. म्हणजे खात्याने कागद मागितले आणि पुढे काहीच केले नाही, तर व्यापाऱ्याला दोन्ही दरवाजे बंद.

मुंबईतील थॉट ब्लर्ब या जाहिरात व्यवसायातील संस्थेचा अर्ज याच कारणाने फेटाळला गेला. रक्कम मुदतीपूर्वी निश्चित झाली नव्हती, असे खात्याचे म्हणणे. तपासात आपण देय सेवाकराचा आकडा मान्य केला होता, असे संस्थेचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये कायद्याची व्याख्या वाचली : निश्चित करणे म्हणजे देय कराच्या रकमेची लेखी कळवणी. ती कोणी कोणाला कळवावी, हे कायद्यात नाही. शिवाय २७ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात केंद्रीय मंडळानेच स्पष्ट केले होते की चौकशीत त्या व्यक्तीने मान्य केलेली रक्कमही यात येते. न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान आणि अभय आहुजा यांनी अर्ज फेटाळल्याचा आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले.

जाता जाता, मराठीत रूढ झालेला 'रक्कम' हा शब्द अरबी 'रक़म'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ लिहिणे, लिहिलेली खूण, आकडा असा आहे. कायद्यानेही शेवटी तेच मागितले : लिहिलेला आकडा. अंतिम आदेशातील आकडाच हवा, असे कायद्यात कोठेही नव्हते.

याच निकालातील दुसरा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. अर्जदाराने सांगितलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कम निघत असेल तर त्याला सुनावणी द्यावी, असे कायद्यात आहे. संपूर्ण अपात्र ठरवायचे असेल तर सुनावणी द्यावी, असे शब्द नाहीत. खात्याने म्हटले, शब्द नाहीत म्हणून सुनावणी नाही. न्यायालयाने म्हटले, थोड्या रकमेच्या फरकासाठी जर माणसाचे म्हणणे ऐकायचे, तर त्याला दारातूनच परत पाठविताना ते अधिकच ऐकले पाहिजे.

सैल वाचन की काटेकोर?

खात्याच्या बाजूलाही बळकट आधार आहे. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलीपकुमार अँड कंपनीच्या प्रकरणात ठरविले की करसवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर तिचा लाभ सरकारला जाईल. माफी योजना हीही सवलतच, म्हणून ती काटेकोरपणे वाचावी, असा युक्तिवाद यावरून करता येतो. उलट बाजूने असे म्हणतात की खटले मिटविणे हाच योजनेचा हेतू असताना तिच्या पात्रतेवरून नवे खटले उभे करणे हे हेतूच्याच विरुद्ध आहे. २००५ साली जडेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर विवाद समाधान योजनेचा असाच विचार केला. मुदतीनंतर दाखल झालेला अर्जही जोवर फेटाळला जात नाही, तोवर तो 'प्रलंबित'च असतो, असे तेथे मानले गेले.

२०२१ चे मॅक्रोटेक डेव्हलपर्सचे प्रकरणही याच जातीचे. 'विवाद से विश्वास'मध्ये थकबाकीच्या संदर्भात फौजदारी खटला दाखल असेल तर लाभ नव्हता. या बांधकाम कंपनीवर खटला होता, पण तो त्याच वर्षाचा स्वतः ठरविलेला कर उशिरा भरल्याबद्दल. वादातील थकबाकीशी त्याचा संबंध नव्हता. खात्याने प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकेतील ७३ व्या उत्तरावर बोट ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने कायद्यातील शब्द धरले आणि ते उत्तरच रद्द केले. पुस्तिका कायद्याला अर्थ देऊ शकते, कायद्यात भर घालू शकत नाही. मात्र थॉट ब्लर्बच्या वेळी परिपत्रक व्यापाऱ्याच्या बाजूचे होते आणि ते खात्याला मोडता आले नाही, हेही वाचकांच्या लक्षात आले असेल.

वस्तू व सेवा करातही २०२४ साली माफी आली. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांचा कर ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण भरल्यास व्याज व दंड माफ. पण ही सवलत कलम ७३ च्या नोटिशींना. कलम ७४, म्हणजे फसवणुकीचा आरोप असलेल्या नोटिशींना नाही. नोटीस कोणत्या कलमाखाली काढायची हे अधिकारी ठरवितो. ज्याने व्याज आधीच भरून टाकले त्याला ते परतही नाही. १९८१ साली गर्ग यांनी उपस्थित केलेली तक्रार या एका ओळीत पुन्हा डोके वर काढते.

योजनेखाली अर्ज फेटाळला गेल्यास सहसा अपिलाची तरतूद नसते. घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग उरतो. १९९८-९९ मध्ये हुबळी, बेळगाव किंवा गदगच्या व्यापाऱ्याला त्यासाठी बेंगळूरला जावे लागे, आणि लहान रकमेसाठी तो खर्च परवडत नसल्याने बरेच जण गप्प बसत असावेत. धारवाडला ७ जुलै २००८ रोजी फिरते खंडपीठ सुरू झाले आणि २४ ऑगस्ट २०१३ पासून ते कायम झाले. याचिका करावयाची तर वेळ दवडू नये, आणि सोबत जाहीरनाम्याची प्रत, पोच, फेटाळल्याचा आदेश, तसेच ज्या पत्रात किंवा जबाबात कराचा आकडा लिहिला गेला तो कागद, तारखेसह, जोडावा.