लोगोमागचं काळं डबडं

गॅदरिंग परवावर आलंय. बॅनर फायनल झाला, ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला, फाइल हायवेलगतच्या फ्लेक्सवाल्याकडे गेली. संध्याकाळी दहा बाय सहाचा फ्लेक्स उलगडला आणि सगळे गप्प. एमआयडीसीतल्या ज्या कंपनीनं निम्मा खर्च उचललाय, तिचा लोगो काळ्या डबड्यात बसलाय. तुम्ही प्रेमानं निवडलेला फ्लुरोसंट हिरवा पार शेवाळी झालाय. पाहुण्यांच्या नावामागची मऊ सावली करड्या पट्टीसारखी दिसतेय. फ्लेक्सवाला म्हणतो, फाइलच तशी आली. तुम्ही म्हणता, माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर दिसतंय. गंमत अशी की दोघंही खरंच बोलत असतात. प्रश्न एवढाच उरतो, की दुसऱ्या फ्लेक्सचे पैसे कुणाच्या खिशातून जाणार?

पुण्याकडून येताना सारोळ्याजवळ नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि लगेच शिरवळ. कारखाने, व्हेटर्नरी कॉलेज, दुकानं, क्लासेस, वाढदिवस, निवडणुका. इथं बॅनरला तोटा नाही. तुमच्यापैकी कुणाला थोडंफार डिझाइन येत असेल, तर आयुष्यातली पहिली कमाई बहुधा असल्याच एखाद्या बॅनरची असते. आणि पहिलंच काम असं बिघडलं, तर दुसरं मिळत नाही. म्हणून हा सगळा झोल नेमका कुठे होतो, ते एकदा नीट पाहू.

डिझाइन चुकलेलं असतंच असं नाही. तुमच्या पडद्यापासून फ्लेक्सपर्यंत फाइल चार-पाच हात बदलते आणि प्रत्येक हातात तिच्याकडची थोडी माहिती गळून पडू शकते. त्यामुळे सगळ्या सेटिंग्ज उलटसुलट करत बसू नका. आधी गळती कुठे झाली ते शोधा. मूळ फाइल, एक्स्पोर्ट केलेली फाइल आणि समोरच्याला मिळालेली फाइल, तिन्ही शेजारी उघडून बघा. जिथं पहिल्यांदा फरक दिसतो, तिथंच रोग आहे.

आता ते काळं डबडं. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. पारदर्शक चित्रात चौथाही असतो, ‘हा ठिपका किती दिसायचा’ हे सांगणारा. त्याला अल्फा चॅनल म्हणतात. पीएनजी हा चौथा आकडा सांभाळते. १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपीजीत त्याला जागाच नाही. ती फोटोंसाठी बनली आणि फोटोला आरपार दिसण्याची गरज नसते. म्हणून पारदर्शक लोगो जेपीजी म्हणून सेव्ह केला की सॉफ्टवेअर रिकाम्या जागेत काहीतरी भरतं. कुणी पांढरं भरतं, कुणी काळं.

‘पण मी पीएनजीच पाठवली होती!’ बरोबर. कशी पाठवली? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली असेल, तर वाटेत तिची जेपीजी झाली. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जशीच्या तशी पोचेल. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे गुगलवरून उचललेला ‘ट्रान्स्परंट’ लोगो. मागे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात, म्हणजे पारदर्शक असणार, असं आपण धरून चालतो. पण अनेकदा त्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात आणि मग बॅनरवर लोगोमागे बुद्धिबळाचा पट छापून येतो. तपासायला सोपं आहे. लोगो गडद लाल चौकोनावर ठेवा, मग पिवळ्या चौकोनावर ठेवा. दोन्हीकडे मागचा रंग आरपार दिसला, तरच तो पारदर्शक. खरं तर प्रायोजकाकडूनच त्यांच्या लोगोची मूळ पीडीएफ किंवा एसव्हीजी मागावी. कंपनीच्या माणसाला असं मागणारं पोरगं आवडतं, हे वर आणि.

आणि तुम्ही कॅनव्हावर काम करत असाल तर लक्षात घ्या, पारदर्शक पार्श्वभूमी आणि छपाईचे रंग या दोन्ही सोयी तिथं पैसे भरलेल्या खात्यातच मिळतात. फुकटच्या खात्यातून पीएनजी उतरवली तर मागे पांढरं येणारच. तो तुमचा दोष नाही.

याच लाल-पिवळ्या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरून कापलेल्या फोटोला गडद रंगावर ठेवलं, की केसांभोवती पांढरी किनार चमकते. कडेचे ठिपके अर्धेमुर्धे पारदर्शक असतात आणि त्यांच्या रंगात जुनं पांढरं आधीच मिसळलेलं असतं. फोटोशॉपमध्ये लेयरच्या मेनूत ‘मॅटिंग’ आहे, त्यातलं ‘डीफ्रिंज’ वापरा. किनार काळी दिसत असेल, तर भानगड वेगळीही असू शकते. रंगाचा आकडा अल्फानं आधीच गुणून ठेवायची एक पद्धत आहे. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ च्या एका निबंधात ती मांडली आणि चित्रपटांतल्या इफेक्ट्सचा बराच डोलारा त्यावर उभा आहे. पीएनजीत मात्र रंग न गुणता ठेवतात. एका सॉफ्टवेअरनं गुणून दिलं आणि दुसऱ्यानं ते न गुणलेलं समजून पुन्हा गुणलं, की कडा काळवंडतात. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना हा प्रकार हमखास भेटतो. तिथं फुटेज घेताना ‘स्ट्रेट की प्रीमल्टिप्लाइड’ असा जो प्रश्न येतो, तो याचसाठी.

आता शेवाळी हिरव्याकडे वळू. पडदा प्रकाश टाकतो, शाई प्रकाश खाते. पडद्यावर लाल, हिरवा, निळा एकत्र आले की पांढरा होतो. शाईत निळसर, गुलाबी, पिवळी एकत्र केली की चिखल होतो, म्हणून चौथी काळी लागते. शिरवळच्या शेजारी खंडाळ्यात रंगाचा अख्खा कारखाना आहे, पण डब्यातल्या रंगालाही मोबाइलच्या पडद्यावरचा निऑन हिरवा भिंतीवर काढता येणार नाही. तो रंग म्हणजे उजेड आहे, लेप नव्हे. त्यामुळे आरजीबीतला झगझगीत हिरवा किंवा विजेसारखा निळा सीएमवायकेच्या चार शायांत बसतच नाही. मशीन त्याला जवळचा सापडेल तो रंग देतं.

यावर इलाज एकच. डिझाइन करतानाच तुमच्या सॉफ्टवेअरचा छपाई-रंगांचा प्रीव्ह्यू चालू ठेवा. फोटोशॉपमध्ये ‘प्रूफ कलर्स’ आहे. कंट्रोल आणि वाय दाबलं की रंग मेल्यासारखे होतात. तेच छापून येणार आहे. तो धक्का रात्री अकराला फ्लेक्सच्या दुकानात खाण्यापेक्षा दुपारी लॅपटॉपवर खाल्लेला बरा.

मात्र बॅनरची सीएमवायके जेपीजी बनवून ती इन्स्टावर टाकू नका. काही मोबाइलवर ती निगेटिव्हसारखी उलटी दिसते, काहींवर भलतीच भडक. पडद्यासाठी एसआरजीबी, छपाईसाठी सीएमवायके. फाइल दोन, नावंही वेगळी. आयफोनवर काढलेले फोटो घेत असाल तर अजून एक खबरदारी घ्या. २०१६ च्या आयफोन ७ पासून ते फोटो ‘डिस्प्ले पी३’ या मोठ्या रंगपट्ट्यात येतात. एक्स्पोर्ट करताना ती प्रोफाइल गळाली, की तेच आकडे एसआरजीबी समजून वाचले जातात आणि गुलालानं माखलेले चेहरे फिके पडतात. एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘एसआरजीबीत बदला’ आणि ‘प्रोफाइल जोडा’ अशा दोन खुणा असतात, त्या दोन्ही करा.

तुमच्या हातातल्या याच पानाची कड किंवा घडी बघा. बारीक रंगीत ठिपके किंवा फुल्या सापडल्या, तर त्या चार शायांच्या आहेत. रंगीत पान म्हणजे चार वेगवेगळे छाप एकावर एक, आणि ते केसभर सरकले तरी फोटो हलल्यासारखा दिसतो. हे दुखणं जुनं आहे. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं दगडावरून छापत आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. तेव्हाच्या छपाईत छाप सरकला, की देवीच्या ओठांचा लाल ओठांबाहेर जायचा. आज दगड नाहीत, पण सरकणं आहेच.

म्हणून बारीक काळी अक्षरं चारही शायांत कधीच बनवू नका. आरजीबीतला काळा सीएमवायकेत नेला की तो चारही शायांचा होतो आणि छाप जरासा हलला तरी अक्षरांना रंगीत भुतं लागतात. अक्षरांसाठी फक्त काळी शाई, शंभर टक्के. मोठ्या काळ्या पट्ट्यात इतर शाया थोड्या मिसळल्या तर चालतं, नाहीतर तो करडा वाटतो. पण हात आखडूनच. वर्तमानपत्राच्या कागदाला चारही शायांची बेरीज साधारण २४० टक्क्यांपुढे सोसत नाही.

पांढऱ्याचा घोटाळा तर फारच छळवादी आहे. काळ्या अक्षरांना ‘ओव्हरप्रिंट’ म्हणजे खालच्या रंगावर थेट छापा, अशी खूण असते. तेच अक्षर पुढे कुणी पांढरं केलं आणि खूण तशीच राहिली, की काय होतं? पांढरी शाई नसतेच, तिथं कोरा कागद सोडायचा असतो. पण हुकूम आहे ‘वर छापा’. मग मशीन वर काहीच छापत नाही आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव गायब! साध्या पडद्यावर मात्र ते ठणठणीत दिसत राहतं. अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या सेटिंगमध्ये ‘ओव्हरप्रिंट प्रीव्ह्यू’ कायमचा चालू करून ठेवा, नाव उडणार असेल तर तिथंच उडेल.

सावलीच्या जागी आलेली करडी पट्टी किंवा पीडीएफमध्ये दिसणाऱ्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघा, या दोन्हींचं मूळ बहुतेकदा एकच असतं. पीडीएफला खरी पारदर्शकता २००१ मध्ये, १.४ या आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या पद्धतीनं एक्स्पोर्ट केलं, किंवा छपाईसाठी ‘एक्स-१ए’ निवडलं, तर पारदर्शक भाग चिरून त्याचे तुकडे शेजारी शेजारी लावले जातात. या तुकड्यांच्या सांध्यांतून रेघा दिसतात. झूम कमी-जास्त करा. रेघ कायम तेवढीच बारीक राहिली, तर ती बहुधा पडद्यापुरती आहे, छपाईत येत नाही. दुकानाची सिस्टिम नवी असेल तर ‘एक्स-४’ द्या, त्यात पारदर्शकता जिवंत राहते. जुनी असेल तर सावलीचा भाग मागच्या रंगासकट सपाट चित्र करून द्या. कोरलमधून काम करणाऱ्यांनी तर हे डोळे झाकून करावं.

टी-शर्टचं गणित पुन्हा निराळं. आजकाल चालणाऱ्या डीटीएफ छपाईत रंगाखाली पांढऱ्याचा थर देतात. तुमची धूसर सावली किंवा हळूहळू विरणारा ग्रेडियंट आला, की त्याखालीही पांढरं जातं आणि काळ्या शर्टावर भुकटी सांडल्यासारखं दिसतं. टी-शर्टाच्या डिझाइनमध्ये अर्धपारदर्शक काहीही ठेवू नका. ग्रेडियंट हवाच असेल तर तो ठिपक्यांचा करा, लहान होत जाणाऱ्या ठिपक्यांचा. दिसतोही भारी.

आणि फ्लेक्सवाल्या दादांशी भांडायच्या आधी त्यांना तीन गोष्टी विचारा. फाइल पीडीएफ हवी की टिफ? रंग तुमच्याकडे बदलणार की मी बदलून देऊ? आणि बॅनरचा एक फुटाचा तुकडा आधी काढून दाखवाल का? त्या तुकड्यात लोगो, तुमचा सगळ्यात भडक रंग आणि सगळ्यात बारीक ओळ, तिन्ही येतील असा भाग निवडा. थोडे पैसे जास्त लागतील, काही जण तर तेही घेणार नाहीत. तो तुकडा नीट वाळला की दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच हिरवे सारखे दिसतात.