विमान बुडालं, आता धुवा!

लढाऊ विमान समुद्रात बुडालं की अनेकदा ते सोडून देत नाहीत. त्यातलं गुपित दुसऱ्याच्या हाती लागू नये, हे मुख्य कारण. 24 जानेवारी 2022 रोजी दक्षिण चीन समुद्रात अमेरिकेचं एफ-35सी विमान ‘कार्ल विन्सन’ जहाजाच्या डेकवर आदळून पाण्यात पडलं. ते सापडलं सुमारे 3,780 मीटर खोलीवर. तिथे पाणबुड्याचं काम नाही. दूरनियंत्रित यंत्राने विमानाला दोर बांधले, क्रेनचा हूक अडकवला आणि मार्चच्या सुरुवातीला ते वर आलं. पण उडण्यासाठी नव्हे. उरला होता तो सांगाडाच.

दुरुस्तीची आशा धरायची ती उथळ पाण्यात. नोव्हेंबर 2023 मध्ये हवाईच्या कानेओहे उपसागरात अमेरिकी नौदलाचं पी-8ए गस्ती विमान धावपट्टी ओलांडून थेट प्रवाळावर जाऊन बसलं. आतले नऊही जण सुखरूप. आधी टाक्यांतलं इंधन काढलं. मग हवा भरलेल्या लांबट पिशव्यांवर विमान तरंगवत, लोळवत धावपट्टीवर आणलं. (आपल्या नौदलाची पी-8आय विमानं याच जातीची, गोव्याच्या हंसा तळावरही ती आहेत.)

वर आल्याआल्या पहिलं काम म्हणजे गोड्या पाण्याने धुणं. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यात पोलादी बोल्ट आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे आयती बॅटरीच. त्यात झिजतं ॲल्युमिनियम. बाहेर हवा लागली की गंज आणखी धावतो. रिव्हेटच्या डोक्याखाली, वायरींच्या जोडण्यांत मीठ दडून बसतं, तिथे नुसता पाण्याचा फवारा पुरत नाही. भाग सुटे करूनच तपासावे लागतात.

उड्डाणाच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्लॅक बॉक्सचं मात्र वेगळं. तो वाळवत नाहीत; प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत पाण्यातच बुडवून ठेवतात.