नव्वद लाखांनी पाहिलेलं अपयश

१४ मे १९९६ च्या रात्री अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने ‘डॉक्टर हू’ नावाचा एक दूरचित्रवाणीपट दाखवला. तेरा दिवसांनी, २७ मे रोजी, तोच चित्रपट ब्रिटनमध्ये बीबीसी वनवर झळकला. अमेरिकेत तो पाहणाऱ्यांची संख्या साठ लाखांच्या आतच राहिली, तर चौपट-पाचपट लहान असलेल्या ब्रिटनमध्ये ९० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. पुढे मालिका निघणार की नाही, हे मात्र अमेरिकेतल्या आकड्यावर ठरणार होतं. त्यामुळे ब्रिटनने भरभरून पाहिलेला हा चित्रपट कागदोपत्री अपयशी ठरला आणि मालिका निघाली नाही.

प्रेक्षकांचं मत म्हणजे नेमकं काय, ते कोण मोजतं आणि कधी मोजतं, हे समजून घ्यायला विज्ञानकथांच्या जगात याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. या चित्रपटाबद्दल लोकांचं मत एका रात्रीत मोजलं गेलं. प्रत्यक्षात ते तयार व्हायला सतरा-अठरा वर्षं लागली.

मूळ मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. ‘डॉक्टर हू’ बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. निर्मात्या होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. पोलिसांच्या निळ्या टेलिफोन खोक्यासारख्या दिसणाऱ्या ‘टार्डिस’ नावाच्या यानातून तो स्थळकाळात भटकतो. खोकं बाहेरून कपाटाएवढं आणि आत अवाढव्य. १९६६ मध्ये पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा मालिकेने एक विलक्षण युक्ती काढली. डॉक्टर मरायला टेकला की त्याचा कायापालट होतो. चेहरा बदलतो, स्वभाव बदलतो, आठवणी मात्र त्याच राहतात. या एका युक्तीच्या बळावर मालिका २६ पर्वं आणि सात नट पुरून उरली.

१९८९ मध्ये ती थांबली. शेवटच्या दिवसांत तिची वेळ आयटीव्हीवरच्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या अफाट लोकप्रिय कौटुंबिक मालिकेसमोर होती आणि प्रेक्षक ५० लाखांच्या आसपास उरले होते. जे उरले होते ते मात्र निष्ठावान होते. मालिका बंद झाल्यावर त्यांनी ती कादंबऱ्यांतून आणि मालिकेच्या मासिकातल्या चित्रकथांमधून चालू ठेवली. पडद्यावर काहीच नसताना डॉक्टरची गोष्ट वाचणारा एक मोठा वर्ग तयार झाला होता. चित्रपट आला तो या वर्गासमोर.

तो आणणारे निर्माते होते फिलिप सीगल. इंग्लंडमध्ये वाढलेले, लहानपणी ही मालिका पाहिलेले आणि नंतर अमेरिकेत स्पीलबर्ग यांच्या अँब्लिन कंपनीत काम केलेले. कित्येक वर्षं त्यांनी या प्रकल्पाचा पाठपुरावा केला. अनेक पटकथा लिहिल्या गेल्या आणि बाजूला पडल्या. शेवटी बीबीसी, युनिव्हर्सल आणि फॉक्स यांच्यात करार झाला. मॅथ्यू जेकब्स यांनी लिहायचं आणि जेफ्री सॅक्स यांनी दिग्दर्शन करायचं ठरलं. चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये झालं, कथा मात्र घडते सॅन फ्रान्सिस्कोत, १९९९ सालच्या शेवटच्या दोन दिवसांत. चित्रपट चालला तर फॉक्सवर मालिका, असा हा व्यवहार होता.

चित्रपटाची सुरुवात मला आजही चुकलेली वाटते. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच निवेदनातून स्कारो ग्रह, डालेक, टाइम लॉर्ड, डॉक्टरचा जुना शत्रू मास्टर, त्याला झालेला मृत्युदंड आणि तेरा जन्मांची मर्यादा इतकं सगळं कानावर आदळतं. नव्या प्रेक्षकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. जुन्या प्रेक्षकाला सगळंच ठाऊक असतं आणि डालेकांचा चिरका झालेला आवाज तेवढा खटकतो. त्यानंतर सातवा डॉक्टर, म्हणजे सिल्व्हेस्टर मकॉय, टार्डिसमधून चायनाटाऊनच्या गल्लीत बाहेर पडतो आणि टोळीयुद्धाच्या गोळ्यांना बळी पडतो. जुन्या नटाला सन्मानाने बोलावून त्याच्याच हातून पुढच्याकडे सूत्रं सोपवली, याचं चाहत्यांनी कौतुक केलं. पण जो नट अमेरिकी प्रेक्षकाला माहीतच नाही, त्याच्यासोबत वीस मिनिटं काढायची आणि मग तो मेला की खऱ्या नायकाची ओळख करून घ्यायची, ही नव्यांकडून फार मोठी अपेक्षा होती.

तो मरतो ते दृश्य मात्र उत्तम जमलं आहे. रुग्णालयात क्ष-किरण चित्रात दोन हृदयं दिसतात आणि डॉक्टर मंडळी तो यंत्राचा दोष समजतात. हृदयरोगतज्ज्ञ ग्रेस हॉलोवे ऑपेरा अर्धवट टाकून धावत येते, शस्त्रक्रिया करते आणि तिच्याच उपचारांनी रुग्ण दगावतो. मग शवागारातला कायापालट. तिथला कर्मचारी छोट्या पडद्यावर १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ पाहत बसलेला असतो. तिकडे राक्षस हालचाल करू लागतो आणि इकडे नवा, आठवा डॉक्टर. पॉल मगॅन पांढऱ्या चादरीत उठून उभा राहतो, आपण कोण हे त्याला आठवत नाही. त्या क्षणापासून चित्रपटात जीव येतो.

त्या रात्री फॉक्सच्या समोर होतं ‘रोझॅन’. एबीसीवरच्या या मालिकेत घरचा कर्ता पुरुष डॅन याला हृदयविकाराचा झटका आल्याचं कथानक चालू होतं आणि अमेरिका त्यात गुंतली होती. त्यात मे महिना म्हणजे अमेरिकी वाहिन्यांच्या प्रेक्षकमोजणीचा, जाहिरातींचे दर ठरवणारा काळ. प्रत्येक वाहिनी आपलं हुकमाचं पान अशाच महिन्यांत टाकत असे. १९८९ मध्ये ज्या डॉक्टरला एका घरगुती मालिकेने हरवलं, त्याला १९९६ मध्ये दुसऱ्या देशात दुसऱ्या घरगुती मालिकेने हरवलं. यात डॉक्टर वाईट ठरला असं मी म्हणणार नाही. ज्या कुटुंबाची आठ वर्षं सवय झाली आहे, त्यांच्या घरात कोणी आजारी असताना अनोळखी प्रवाशासाठी कोण वेळ काढणार?

मालिकेचं भवितव्य एकाच रात्रीच्या प्रयोगावर टांगण्याची ही पद्धत पुष्कळ ठिकाणी दगा देते. ‘डॉक्टर हू’च्याच परिवारात १९८१ च्या नाताळाच्या सुमारास यांत्रिक कुत्र्यावर बेतलेला ‘के-नाइन अँड कंपनी’ हा खास भाग आला. ८० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला, प्रक्षेपकातल्या बिघाडामुळे वायव्य इंग्लंडचा मोठा भाग त्याला मुकला, तरी आकडा चांगलाच होता. मालिका मात्र निघाली नाही. पुढे ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेतून निघालेला ‘लेजंड ऑफ द रेंजर्स’ हा चित्रपट जानेवारी २००२ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या महत्त्वाच्या बाद फेरीच्या सामन्यासमोर लागला आणि तिथेच संपला.

ब्रिटनमधली २७ मे ची संध्याकाळ निराळी होती. सोमवार होता, बँक हॉलिडेची सुट्टी होती. आठवडाभर आधी, २० मे रोजी, तिसरे डॉक्टर जॉन पर्टवी यांचं निधन झालं होतं आणि बीबीसीने हे प्रक्षेपण त्यांना अर्पण केलं. मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत लहान मुलांचं हत्याकांड झालं होतं. त्या जखमेची जाणीव ठेवून गोळीबाराच्या दृश्याला कात्री लावली गेली. अशा वातावरणात ९० लाख ८० हजार लोकांनी चित्रपट पाहिला. बीबीसी प्रेक्षकांच्या एका गटाला कार्यक्रमाला गुण द्यायला सांगून शंभरपैकी पसंतीचा निर्देशांक काढते. चित्रपटाला ७५ गुण मिळाले, तर १९८९ च्या शेवटच्या कथेचे भाग सत्तरच्या आसपास होते. म्हणजे संख्येने आणि पसंतीने, दोन्ही बाजूंनी चित्रपट जुन्या मालिकेच्या अखेरच्या काळापेक्षा वरचढ ठरला.

आणि तरीही निष्ठावान प्रेक्षक चिडले होते. त्यांच्या तक्रारींपैकी काही मला पटतात, काही मुळीच पटत नाहीत.

सर्वांत मोठा गदारोळ चुंबनावरून झाला. डॉक्टर ग्रेसचं चुंबन घेतो. पहिला डॉक्टर नातीला सोबत घेऊन हिंडणारा आजोबा होता. त्यानंतर प्रेमाबिमाच्या भानगडीत तो कधी पडला नाही, आणि ज्यांनी बालपणी त्याच्यात वडीलधारा माणूस पाहिला त्यांना हे पाहवेना. पण तो क्षण प्रणयाचा नाहीच. आपण कोण हे आठवल्याच्या निखळ आनंदात तो समोरच्या माणसाला बिलगतो, एवढंच. २००५ नंतर अशी चुंबनं मालिकेत कितीतरी झाली आणि त्यावर एवढा गदारोळ झाला नाही.

दुसरी तक्रार रास्त होती. डॉक्टर आईकडून अर्धा मानव असल्याचं चित्रपट सांगतो. या पात्राची सारी गंमत अशी की माणसांशी कसलंही रक्ताचं नातं नसताना तो त्यांच्यावर जीव टाकतो. नातं दाखवलं की ते प्रेम स्वाभाविक ठरतं आणि त्यातलं मोठेपण कमी होतं. प्रेक्षकांनी हे नेमकं ओळखलं. नंतरच्या लेखकांनीही ही माहिती एकतर टाळली किंवा संदिग्ध ठेवली.

शेवटाबद्दल तर दुमत नव्हतं. मृत पात्रं काळ मागे फिरवून जिवंत होतात आणि नेमकं काय घडलं हे कळत नाही. मास्टरच्या भूमिकेत ‘रनअवे ट्रेन’साठी ऑस्कर नामांकन मिळालेले एरिक रॉबर्ट्स होते. झगमगीत झगा घालून त्यांनी जो बेफाम अभिनय केला, त्याला काहींनी शिव्या दिल्या आणि काहींना चित्रपटात सर्वांत जास्त मजा तिथेच आली.

या सगळ्या वादात एका गोष्टीवर मात्र जवळजवळ सर्वांचं एकमत होतं. चित्रपट कसाही असो, पॉल मगॅन हा डॉक्टर होता. आपल्या गॅलिफ्रे या ग्रहावर गवतात वडिलांशेजारी पडून उल्कावर्षाव पाहिल्याची आठवण तो सांगतो आणि मध्येच थांबून पायातले बूट अगदी बरोबर बसल्याचा आनंद व्यक्त करतो. त्या एका प्रसंगात विश्वाएवढं वय आणि लहान मुलाचं कुतूहल एकत्र आलं. रिचर्ड हुडोलिन यांनी उभारलेली लाकूड, पितळ आणि मेणबत्त्यांच्या उजेडातली टार्डिसही लोकांच्या मनात घर करून राहिली. हेच हुडोलिन पुढे नव्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेचे कलादिग्दर्शक झाले.

चित्रपट नाकारायचा पण नायक ठेवायचा, हा प्रेक्षकांचा निवाडा मला फार समजूतदार वाटतो. वाहिनीच्या तक्त्यात अशा मताला रकानाच नसतो. तिथे पाहिलं किंवा नाही पाहिलं, एवढंच नोंदवतात. पण प्रकाशकांनी ते मत ओळखलं. १९९७ ते २००५ या काळात बीबीसी बुक्सने आठव्या डॉक्टरच्या ७३ कादंबऱ्या काढल्या. मासिकातल्या चित्रकथेत तो २००५ पर्यंत टिकला. २००१ मध्ये बिग फिनिश या कंपनीने खुद्द मगॅन यांना घेऊन श्राव्य नाटकं सुरू केली. पडद्यावर जेमतेम तासभर वावरलेल्या माणसाला प्रेक्षकांनी वाचून आणि ऐकून मोठं केलं. अमेरिकेतल्या चाहत्यांची तर आणखी एक अडचण होती. हक्क अनेक कंपन्यांत वाटले गेल्याने चित्रपटाची अधिकृत डीव्हीडी त्यांना थेट २०११ मध्ये मिळाली.

मार्च २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका पुन्हा सुरू केली. पहिल्या भागाला एक कोटीहून अधिक प्रेक्षक लाभले. त्या भागाची सुरुवात १९९६ शी ताडून पाहण्यासारखी आहे. ना निवेदन, ना ग्रहांची नावं, ना जुना नट. लंडनच्या दुकानात काम करणारी एक मुलगी सकाळी उठते, कामाला जाते आणि तिच्या नजरेने आपण डॉक्टरला पहिल्यांदा भेटतो. माहिती लागेल तशी थेंबाथेंबाने येते.

नव्या मालिकेत आठवा डॉक्टर धरलेला आहे की नाही, याची चाहत्यांना घोर चिंता होती. २००७ च्या एका भागात डॉक्टरच्या वहीत जुन्या चेहऱ्यांची रेखाचित्रं दिसली, त्यात मगॅन यांचाही चेहरा होता. काही सेकंदांच्या त्या चित्राने एका गटाची अकरा वर्षांची हुरहूर शमवली. मग १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, मालिकेच्या पन्नाशीच्या तोंडावर, ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ हा सुमारे सात मिनिटांचा लघुपट कसलीही पूर्वसूचना न देता प्रसिद्ध झाला. त्यात मगॅन होते. मरणाच्या दारात उभा असलेला आठवा डॉक्टर आपल्या सोबत्यांची नावं घेतो, आणि ती सारी श्राव्य नाटकांतली आहेत. वर्षानुवर्षं कानांनी जपलेली माणसं मालिकेने अधिकृतपणे आपली म्हटली. १९९६ मध्ये ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांतले कितीतरी जण आता मगॅन यांना पूर्ण मालिका द्या म्हणून आग्रह धरू लागले. २०२२ च्या ‘द पॉवर ऑफ द डॉक्टर’ या खास भागातही ते थोडा वेळ दिसले.

पटकथाकार मॅथ्यू जेकब्स यांच्या वाट्याला मात्र बराच काळ राग आला. त्यांचं या मालिकेशी नातं जुनं होतं. त्यांचे वडील अँथनी जेकब्स यांनी १९६६ मध्ये ‘द गनफायटर्स’ या कथेत डॉक हॉलिडेची भूमिका केली होती. ‘अर्धा मानव’ लिहिणारा माणूस म्हणून ते चाहत्यांच्या संमेलनांपासून लांब राहिले. पुढे त्यांनी व्हेनेसा यूल यांच्यासह ‘डॉक्टर हू अ‍ॅम आय’ हा माहितीपट केला, जो २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात ते अमेरिकेतल्या संमेलनांना जातात, डॉक्टरसारखे कोट घातलेल्या लोकांच्या गर्दीत बसतात, चित्रपटातलं काय आवडलं नाही हे त्यांच्या तोंडून ऐकतात. त्यांना भेटतात ते लोक चित्रपटातले दोष अजूनही सांगतात, आणि तो आपल्याला का हवाहवासा वाटतो हेही सांगतात.