दोष शॉकअपचा की दुसऱ्याच कशाचा? जुन्या गाडीच्या सस्पेन्शनविषयीचे गैरसमज

गाडीचे वजन शॉकअप पेलतात, हा सस्पेन्शनबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज आहे आणि बाकीचे बरेचसे त्यातूनच निघतात. वजन पेलते ती स्प्रिंग. बोलेरोसारख्या गाडीला मागच्या बाजूला पाटे असतात, तिथे ते काम पाटे करतात. दाबली गेलेली स्प्रिंग उसळू लागली की तिला आवरायचे, एवढेच शॉकअपचे काम. शॉकअपच्या नळीत तेल असते. दट्ट्या वर-खाली होताना ते तेल व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. त्यामुळे मागून खाली बसलेली गाडी नवे शॉकअप टाकून वर येत नाही. अशी गाडी सपाट जागी रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजावे. एका बाजूचे अंतर स्पष्टपणे कमी भरले, तर आधी स्प्रिंग तपासावी. जुन्या स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे बैठकीत साचलेल्या चिखलाने गंजून तुटते आणि तो तुकडा नीट वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

माहूरच्या गाड्यांना या बिघाडांची सवयच असते. गावातून रेणुकादेवीच्या गडावर आणि पुढे दत्तशिखराकडे जाणारा रस्ता चढाचा आणि वळणांचा आहे, आणि देवदर्शनाला निघालेल्या पाच जणांच्या गाडीत सात-आठ जण बसलेले असतात. किनवट-माहूर भागात मराठवाड्याच्या इतर भागांपेक्षा पाऊस जास्त. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचे डांबर खचत राहते. अशा रस्त्यावर शॉकअपआधी रबरी बुश आणि सांधे झिजतात, पण पैसे खर्च होतात ते शॉकअपवर.

बोनेट दाबून सोडले आणि गाडी लगेच स्थिरावली, म्हणजे शॉकअप ठीक, ही समजूत अर्धीच खरी आहे. गाडी दोन-तीनदा डोलली तर शॉकअप नक्की गेले. पण स्थिरावली, तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. हाताने दिलेला दाब मंद असतो, खड्ड्यातला धक्का फार वेगवान. शिवाय जुने, कडक झालेले बुश स्वतःच हालचाल अडवतात. खरी लक्षणे रस्त्यावर आणि टायरवर दिसतात: ब्रेक लावताच नाक खाली जाणे, उंचवट्यानंतर मागची बाजू पुन्हा पुन्हा उसळणे, टायरवर ठरावीक अंतराने चढ-उतार पडणे. हात फिरवला की हे चढ-उतार लगेच जाणवतात. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल, तर मात्र आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे.

शॉकअपवर तेल दिसले की तो बाद, असेही सरसकट म्हणता येत नाही. सीलच्या खाली धुळीने माखलेला पातळ ओलसर थर बऱ्याच चालू शॉकअपवर असतो. तेलाचा ओघळ तळापर्यंत आला असेल, तर शॉकअप निकामी. चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले काळे ग्रीस मात्र बहुधा ॲक्सलच्या फाटलेल्या रबरी बुटातून आलेले असते.

सर्वाधिक नुकसान होते ते आवाजाच्या बाबतीत. पुढून खटखट ऐकू आली की शॉकअप बदलून टाकले जातात आणि आवाज तसाच राहतो. लहान खड्ड्यांवर, हळू वेगात होणारी खटखट बहुतेकदा लिंक रॉडची, जर त्या गाडीला तो असेल तर. ब्रेक दाबताना किंवा गिअर टाकून निघताना एकच ठोका बसत असेल, तर लोअर आर्मचे बुश पाहावेत. मारुती ८०० मध्ये स्टॅबिलायझर बारच खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवतो. त्याचे बुश झिजले की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना वर कटकट झाली, तर शॉकअपच्या माथ्यावरचे माउंटिंग किंवा त्यातले बेअरिंग गेलेले असते.

सांध्यांची परीक्षा गाडी उचलूनच होते, आणि ती नुसत्या जॅकवर कधीच करू नये. गाडी पक्क्या स्टँडवर टेकवूनच तिच्याखाली हात घालावा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉड एंड संशयित. त्या वेळी दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवले की हालचाल नेमकी कुठे आहे ते कळते. ही काही मिनिटांची तपासणी न करता केलेली खरेदी म्हणजे निव्वळ अंदाज.

गाडी ओढते म्हणून दर काही महिन्यांनी अलाइनमेंट करून घेण्याची सवयही अशीच फसवी. सांध्यांत प्ले असताना मशीनवर जुळवलेले माप रस्त्यावर टिकत नाही. आधी हवेचा दाब, मग सांधे आणि बुश, शेवटी अलाइनमेंट, हा क्रम आहे. अल्टो, जुनी वॅगन आर, इंडिका या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात तयार केलेल्या या रचनेत शॉकअपच चाकाचा उभेपणा ठरवतो. म्हणून तो बदलल्यावर अलाइनमेंट टाळता येत नाही.

बदलण्याच्या कामातही समजुती कमी नाहीत. एकच शॉकअप बदलून भागत नाही, कारण एका ॲक्सलच्या दोन बाजू वेगवेगळ्या आवरल्या गेल्या, तर वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी असमान वागते. कापून, तेल भरून पुन्हा वेल्डिंग केलेले शॉकअप स्वस्त पडतात, पण आतले व्हॉल्व्ह झिजलेलेच राहतात; घाटाच्या गाडीला ते घालू नयेत. स्प्रिंगमध्ये रबरी पॅकिंग अडकवून गाडी उंच दिसते, मात्र अडलेल्या वेटोळ्यांचा ताण शेजारच्या वेटोळ्यांवर जातो.

नवा बुश काही महिन्यांत फाटला की डुप्लिकेट माल माथी मारला, असे ठरवले जाते. कधी ते खरेही असते. पण बहुतेक बुशमधले रबर आतल्या-बाहेरच्या धातूला चिकटवलेले असते. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरताच ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. शेवटचा आवळ गाडी चाकांवर उभी असतानाच द्यायचा असतो, आणि गॅरेजमध्ये हा मुद्दा आवर्जून सांगावा. धूळकव्हर आणि आतला रबरी बफर जुनाच वापरणे ही खोटी बचत आहे: फाटक्या कव्हरमधून शिरलेली धूळ दांड्यावर ओरखडे पाडते आणि नव्या शॉकअपचे सील खाते. स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळून धरल्याशिवाय सैल केला, तर स्प्रिंग जीवघेण्या जोराने सुटते. म्हणून हे काम घरच्या अंगणात करण्याचे नाही.

गाडी कमी चालली म्हणून सस्पेन्शन चांगले, हाही समज टिकत नाही. रबर वयानेही तडकते. दहा-बारा वर्षे बहुतेक काळ उभ्या राहिलेल्या गाडीचे बुश कमी किलोमीटरलाही तडे गेलेले मिळतात.

खर्च एकदम झेपत नसेल, तर लिंक रॉडची खटखट काही दिवस सोसता येते. बॉल जॉइंट निखळला तर चाक दुमडते आणि टाय रॉड एंड सुटला तर स्टिअरिंगचा ताबा जातो. या दोहोंपैकी कशातही प्ले सापडलेली गाडी दुरुस्त होईपर्यंत गडाच्या रस्त्यावर नेऊ नये.