ग्रीक वळणाचा मफलर

मिअँडर म्हणजे काटकोनात वळत, आत शिरून पुन्हा बाहेर येत पुढे जाणारी अखंड रेघ. नाव नदीचे आहे. आजच्या तुर्कस्तानातली मायान्द्रोस इतकी वळणे घेत एजियन समुद्राकडे जाई की ग्रीकांनी नागमोडी गोष्टींनाच तिचे नाव दिले.

इ.स.पू. आठव्या शतकातला अथेन्सचा दिपिलॉन कुंभ दीड मीटरहून उंच आहे. एकेकाळी एका स्त्रीच्या थडग्यावर उभ्या असलेल्या या कुंभावर मिअँडरचे पट्टेच पट्टे आहेत. ही रेघ अनंताचे प्रतीक असल्याचे सर्रास सांगितले जाते, पण कुंभ रंगवणाऱ्याने अर्थ लिहून ठेवलेला नाही. क्नोसॉसच्या नाण्यांवर मात्र चक्रव्यूह याच वळणांनी काढलेला दिसतो. ग्रीक पुराणकथेत त्या चक्रव्यूहातून परत येण्यासाठी आरिआद्नीने थिसिअसला धाग्याचा गुंडा दिला होता. विणणाऱ्या हातांना हा अर्थ अधिक जवळचा, कारण मफलरही एका अखंड धाग्याचाच असतो.

प्राचीन ग्रीक स्वतः सुयांवर विणत नव्हते. त्यांचे कापड मागावर होई, उभ्या धाग्यांना खाली वजने बांधून. सुयांवरचे विणकाम मध्ययुगीन इजिप्तमध्ये दिसू लागते. म्हणजे हा मफलर आजचाच, फक्त नक्षी जुनी.

सगळी गंमत, आणि सगळी अडचण, टाक्यात आहे. सुलट विणीवर उलट टाक्यांनी रेघ काढणे सोपे वाटते. उलट टाके आडव्या ओळीत घातले तर मणी ओवल्यासारखे वर उठतात. तेच एकावर एक उभे घातले, की शेजारचे सुलट टाके फुगतात आणि रेघ आत खचते. मिअँडर तर आडवी-उभी दोन्हीकडे धावते, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर ती नजरेतून निसटते. उपाय साधा आहे: रेघ तीन-चार टाके रुंद धरायची आणि तिच्यात सुलटावर उलट, उलटावर सुलट असे टाके आलटूनपालटून घालायचे. ही दाणेदार वीण कुठल्याही दिशेला सारखीच दिसते.

दुसरी अडचण मापाची. टाका उंचीपेक्षा रुंद असतो. १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी बसत असतील, तर चौकोनी कागदावर काढलेली नक्षी लोकरीत चपटी होते. १० टाक्यांच्या चौकोनाला १४ ओळी लागतात.

३३ टाक्यांचा मफलर साधारण साडेसोळा सेंटिमीटर रुंद होतो. सुलट वीण कडेला वळते, अरुंद पट्टीची तर नळीच होते. म्हणून दोन्ही बाजूंना पाच-पाच टाके दाणेदार विणायचे. मागची बाजूही गळ्यात दिसतेच. तिथे रेघेभोवतीची वीण उलट आणि रेघ आरशातल्यासारखी येते, पण दाणेदार भाग तसाच राहतो. चुकलेला टाका चार-पाच ओळींनंतर लक्षात आला, तर सगळे उसवायची गरज नाही. तेवढाच उभा रकाना खाली सोडून क्रोशाच्या सुईने पुन्हा वर आणता येतो.

एक वळण २८ ओळींचे धरले, तर दीड मीटरला १५ वळणे, ४२० ओळी आणि जवळपास १४ हजार टाके लागतात. टाके पंधरावे वळण पुरे झाल्यावरच बंद करायचे. लोकर संपत आली म्हणून मध्येच थांबले, तर रेघ आत शिरलेलीच राहते.