दुसरी पसंती विचारलीच नाही

३ जून १९४८ रोजी न्यूफाउंडलंडच्या मतदारांपुढे जी मतपत्रिका आली, तिच्यावर तीन पर्याय होते: १९३४पासून ब्रिटनने नेमलेल्या आयोगाचा चालू कारभार, विधिमंडळाला उत्तरदायी असलेले पूर्वीचे स्वराज्य आणि कॅनडात विलीनीकरण. स्वराज्याला ६९,४००, विलीनीकरणाला ६४,०६६ आणि आयोगाला २२,३११ मते पडली. स्पष्ट बहुमत कोणालाच नसल्याने आयोगाचा पर्याय वगळून २२ जुलैला पुन्हा मतदान झाले. त्यात विलीनीकरण ७८,३२३पर्यंत चढले आणि स्वराज्य ७१,३३४वर अडले. मधल्या सात आठवड्यांत प्रचाराला पंथभेदाचे विषारी वळण लागले, कारण स्वराज्याचा जोर ॲव्हलॉन द्वीपकल्पात, विशेषतः तिथल्या कॅथलिक वस्तीत होता.

एकच फुली मारायची असल्यामुळे दुसरी पसंती कोणती, हे पहिल्या फेरीत कोणी विचारलेच नाही. फ्रेंच गणिती झाँ-शार्ल द बोर्दा यांनी अठराव्या शतकातच यावर गुणांची पद्धत सुचवली होती: तीन पर्याय असल्यास पहिल्या पसंतीला ३, दुसरीला २, तिसरीला १ गुण, आणि सर्वाधिक बेरजेचा पर्याय विजयी. तिच्या सुधारित रूपात एकच पर्याय नोंदवणाऱ्याच्या मताला एकच गुण मिळतो, त्यामुळे विरोधी बाजूच्या पर्यायांचाही क्रम लावणे मतदाराच्या हिताचे ठरते आणि प्रचारकालाही प्रतिपक्षाच्या दारात जावे लागते. दुभंगलेल्या समाजात हा गुण फार मोलाचा आहे.

कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांताने २०१६मध्ये निवडणूक पद्धतीबाबत पाच पर्याय पसंतीक्रमाने मांडले, पण मोजणी आपल्या विधान परिषदेसारखी, म्हणजे तळाचा पर्याय बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवण्याची होती. प्रचलित पद्धत पहिल्या फेरीत पुढे असूनही अखेर मिश्र प्रमाणबद्ध पद्धतीला ५२.४२ टक्के मते मिळाली. मतदान जेमतेम ३६ टक्के झाल्याने सरकारने निकाल अमलात आणला नाही, आणि २०१९च्या ‘हो की नाही’ सार्वमतात तीच पद्धत थोडक्यात नाकारली गेली. तळाचा पर्याय बाद करण्यात एक धोकाही असतो: सर्वांची दुसरी पसंती असलेला मध्यममार्ग पहिल्या पसंतीची मते कमी म्हणून आधीच गळू शकतो.

तरीही मोजणीच्या आधीचा प्रश्न, पर्याय कोणी ठरवायचे हा, अधिक कळीचा आहे. न्यूफाउंडलंडच्या भवितव्यावर चर्चेसाठी निवडलेल्या राष्ट्रीय परिषदेने विलीनीकरणाचा पर्याय २९ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला होता. लंडनने तो मतपत्रिकेवर आणला. गोव्याच्या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित प्रदेश एवढेच दोन पर्याय होते. घटक राज्याचा दर्जा मिळायला ३० मे १९८७ उजाडले.